चिंचेनं घासलेली कुऱ्हाड

दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची एक लोखंडी कुऱ्हाड मी चिंच आणि नारळाच्या शेंडीनं घासून लख्ख केली, आणि वरून तिला खोबरेल तेल लावलं.

हे वाक्य मुद्दाम आधीच लिहून टाकलं. नाहीतर मी चार पानं सबबी लिहिल्या असत्या आणि ही गोष्ट शेवटी कुठंतरी सरकवली असती, "कुऱ्हाड स्वच्छ करण्यात आली" अशी, जणू ती घासायला कोणी अदृश्य हात आले होते. हात माझेच होते. दोन दिवस त्यांना आंबूस वास येत होता.

सबबी तशा आहेत. दारव्ह्याला आमच्या संस्थेच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो आणि संस्थेच्या छोट्या संग्रहालयाचा 'अतिरिक्त कार्यभार' माझ्याकडं आहे. संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली, काचेची सात कपाटं, आणि मागं नळ असलेला व्हरांडा. दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष येणार होते. सगळ्या वस्तू मातकट, काळ्या, गंजक्या. निदान एक तरी चमकलेली दिसावी, असं मला वाटलं. आणि चमकवणं या विषयात माझा अधिकार मोठा. आमच्या देवघरातली भांडी सणासुदीला मीच घासतो. इतिहासात माझ्या नावावर एकही शोधनिबंध नाही, पण समई घासण्यात आमच्या गल्लीत माझा हात कोणी धरणार नाही.

तर त्या शुक्रवारी दुपारी मी व्हरांड्यात बादली घेऊन बसलो. कुऱ्हाड पाण्यात भिजवली, चिंचेचा कोळ चोपडला, आणि अशी घासली, अशी घासली की गंजाच्या खपल्या पाण्यात पडून बादलीचं पाणी काळं झालं. शेवटी ती उन्हात धरून बघत होतो, तेवढ्यात जुम्म्याची नमाज आटोपून मिस्त्री आले.

"कशी दिसते?" मी विचारलं.

त्यांनी कुऱ्हाड माझ्या हातातून घेतली. एका बाजूनं पाहिली, उलटी करून पाहिली. नखानं टिचकी मारून कानाशी नेली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "जाळी कुठं हाय, सर?"

"कसली जाळी?"

"मी तुमाले दाखोली होती. दोनदा."

"अहो, तो गंज होता मिस्त्री. तो काढला."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बादलीपाशी उकिडवे बसले आणि मी ओतायला उचललेल्या बादलीच्या कडीवर हात ठेवला. "हे पाणी फेकायचं नाई. बादली मले द्या. आन् तुम्ही आता कशालेच हात लावू नका."

खोलीचा प्रमुख मी आणि शिपाई ते. मी मुकाट्यानं बाजूला झालो.

*

कागदावर ते संग्रहालयाचे शिपाई होते. पण गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, कारण त्याआधी सारी उमर त्यांनी आर्णी रोडवर गॅरेज चालवलं होतं. ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर, जीप, पाणी उपसायचे पंप, जे बंद पडेल ते त्यांच्याकडं. गुडघे गेले, गाडीखाली शिरणं होईना, तेव्हा गॅरेज बंद केलं. आमच्या खोलीच्या खिडकीचे गज जोडायला म्हणून एक दिवस आले. काम तासाभराचं होतं. तीन तासांनी मी पाहतो, तर हे कपाटापुढं उभे, आणि मी लिहिलेली पाटी वाचताहेत.

"सर, 'रणांगणी तळपलेला परशू' असं लिवलं हाय. तुम्ही होते का तिथं?"

"कुठं?"

"रणांगणात."

"तसं नाही हो. अंदाज असतो."

"मंग 'अंदाज' असं लिवा."

दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी स्वतःची बैठक घेऊन आले. एका जुन्या स्कूटरचं सीट त्यांनी लाकडी खोक्यावर ठोकलं होतं. पुढं पगारी झाले तरी संस्थेच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. खिशाला पेन लावावं तसा स्क्रू-ड्रायव्हर असायचा आणि चष्म्याची मोडलेली दांडी क्लचच्या तारेनं बांधलेली. सकाळी कुलूप उघडलं की आत पाऊल टाकण्याआधी कपाटांना विचारायचे, "काय, सगळे हजर?" आणि खरोखर मोजायचे. मी वर्गात हजेरी घेतो, तिथं इतकी आस्था मी कधी दाखवली नाही.

संग्रहालयाला ते गॅरेजच म्हणत आणि वस्तूंना पार्ट. "फरक इतलाच हाय सर, इथं आलेली गाडी डिलिव्हरी होत नाई."

माझ्या अलंकारिक पाट्या त्यांनी एकेक करून उतरवल्या. मी रागावलो, तर म्हणाले, "राहू द्या, पण खाली तुमची सही करा. खोटं निघालं तं लोक तुमाले विचारतील, मले नाई." मी एकाही पाटीवर सही केली नाही. मग त्यांच्या हातच्या पाट्या लागल्या. मोठ्या अक्षरात: काय आहे. कुठं सापडलं. कोणी दिलं. आणि बऱ्याच ठिकाणी फक्त दोन शब्द: 'माहीत नाही.' आमच्या सात कपाटांत सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य तेच होतं. अध्यक्षांनी एकदा विचारलं, "मिस्त्री, लोक काय म्हणतील, यांना काहीच माहीत नाही?" मिस्त्री म्हणाले, "साहेब, गॅरेजात जो मिस्त्री सगळं माहीत हाय म्हणते ना, त्याच्याकडं गाडी नका देऊ."

एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात खपत नसे. कोणी किंमत विचारली की त्यांच्या मानेची शीर फुगायची. एकदा अध्यक्षांचे एक पाहुणे आले होते. कपाटात दगड झालेला, पावाएवढा एक दात आहे, हत्तीच्या कुठल्यातरी पूर्वजाचा. पाहुण्यांनी काचेवर अंगठी वाजवली. "याचे बाजारात किती येतील?"

"तुमच्या आजोबाचे दात ठेवले हायत का घरी?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणजे?"

"नाई, तुमचा भाव कळला तं याचाही सांगतो."

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि जाहीर केलं, "टाइम झाला. संग्रहालय बंद." सकाळचे अकरा वाजले होते. पाहुणे बाहेर गेले, दाराला कुलूप लागलं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडलं. पुढं आठवडाभर अध्यक्षांनी मला फोनवर झापलं. झापणी नेहमी माझ्या वाट्याला यायची, कारण मिस्त्रींकडं फोन नव्हता. मला वाटतं त्यांनी तो मुद्दाम ठेवला नव्हता.

*

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे बिघाडाची भिंत.

गॅरेजात त्यांनी एक भिंत रिकामी सोडली होती. कामात हातून जो पार्ट खराब होई, तो भंगारात न टाकता त्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा आणि तांब्याच्या तारेनं एक पुठ्ठा बांधायचा. काय झालं, कोणी केलं, का केलं. लिहायचं मात्र ज्यानं केलं त्यानंच, दुसऱ्यानं लिहायचं नाही. गाडीचा मालक आला की तो आधी ती भिंत वाचायचा. "धंदा बुडत नव्हता का?" मी विचारलं होतं. "बुडाला असता," ते म्हणाले, "जर भिंत कोरी असती. कोऱ्या भिंतीचा मिस्त्री लबाड असते."

आमच्या संग्रहालयात आल्यावर त्यांनी दाराशेजारची भिंत घेतली. तिथं पहिला पुठ्ठा त्यांचा स्वतःचा. दगडातला शिंपला सोडवायला त्यांनी तो शिकंज्यात धरला होता आणि शिंपल्याचे दोन तुकडे झाले. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'शिंपला. तुटला. मी तोडला. घाई होती.'

माझी कुऱ्हाड घासून झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी त्या भिंतीवर एक नवा खिळा होता. खिळ्याला पुठ्ठा होता. कोरा.

"हे काय?" मी विचारलं, जणू मला माहीत नव्हतं.

"जागा ठेवली हाय."

मी त्या पुठ्ठ्यावर छानपैकी लिहिलं: 'कुऱ्हाड. काळाच्या ओघात पृष्ठभागाची झीज.'

मिस्त्रींनी वाचलं, पुठ्ठा काढला, फाडला, आणि दुसरा कोरा बांधला. "काळानं नाई घासली, सर."

आता मीही काही कमी नाही. पुराभिलेखातला पदविकाधारक माणूस मी, शाळेच्या सहलीतल्या पोरांनी वाचावं म्हणून भिंतीवर स्वतःचं नाव टांगून घेणार? मी ती लख्ख कुऱ्हाड वर्तमानपत्रात गुंडाळली आणि लोखंडी कपाटात जुन्या हजेरीपटांच्या मागं कोंबून ठेवली. मिस्त्रींना ते कळलं होतं. सकाळी हजेरी घेताना ते त्या कपाटाकडंही बघायचे. "काय, सगळे हजर? हाव, तुम्हीसुद्धा." पण त्यांनी कपाट उघडलं नाही, आणि कोणाला सांगितलंही नाही. कोरा पुठ्ठा मात्र पंखा लावला की फडफडायचा. पाच महिने फडफडत होता.

त्या कुऱ्हाडीवर त्यांचा जीव का होता, तेही सांगायला हवं. मुळात ती एक कुऱ्हाड नव्हती, जोडी होती, आणि जोडी त्यांनीच आणली होती. मुकुटबनकडं एका शेतात कल्टिव्हेटरचा दाता मोडला, म्हणून त्या शेतकऱ्यानं त्यांना बोलावून नेलं होतं. दाता ज्यावर मोडला तो जमिनीत गाडलेला एक मोठा दगड निघाला. तसे दगड गोलात मांडलेले होते, आणि मधल्या मातीत या दोन कुऱ्हाडी. शेतकऱ्यानं एक दाराला टेकण लावली होती, दुसरी गोठ्यात पडली होती. मिस्त्रींनी दाता जोडून दिला, मजुरी घेतली नाही, त्याबदली या दोन मागून घेतल्या.

आणि त्यांनीच मला दाखवलं होतं. दोन्हींच्या गंजावर एका ठिकाणी बारीक चौकटी-चौकटी होत्या. "सर, आम्ही ऑइलचं फडकं गुंडाळून पार्ट ठेवतो. दोनचार पावसाळे गेले की फडकं सडून जाते, पण त्याची वीण गंजात राह्यते. हे तसंच हाय. कोणीतरी ही कपड्यात गुंडाळून ठेवली होती." मी त्यांना गंजाच्या रासायनिक प्रक्रियेवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कधी फडकं गुंडाळून ठेवलं हाय का?" नव्हतं ठेवलं. त्यावर मी विषय बदलला. आणि काही महिन्यांनी चिंच आणली.

*

संकट आलं ते अभ्यासिकेच्या रूपात. अध्यक्षांनी ठरवलं की स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका हवी, आणि आमची खोली त्यासाठी उत्तम. त्यात वाईट काही नव्हतं, हे मला मान्य करायलाच हवं. गावात पोरांना बसायला जागा नव्हती. पण वस्तूंचं काय? तर नागपूरहून लोखंडाच्या एक अभ्यासक बाई येतील, ज्या दोनचार वस्तूंना 'संशोधनमूल्य' आहे त्या घेऊन जातील, आणि बाकी सगळं पोत्यांत भरून जिनिंगच्या बंद गोदामात. त्या गोदामाचे पत्रे पाच ठिकाणी गळतात. पोती आलीसुद्धा.

मी काय केलं? यादी करायला घेतली. आज्ञाधारक माणूस मी.

मिस्त्रींनी काय केलं? आलेली सगळी पोती उसवली, धुतली, घड्या घातल्या आणि कपाटांत प्रत्येक वस्तूखाली गादीसारखी अंथरली. "लई दिवस कडक फळीवर पडून होते बिचारे."

अध्यक्ष संतापून आले. "मिस्त्री, पोती भरायला दिली होती!"

"हाव, तं भरली ना. कपाटात."

"खोली खाली करायची आहे."

"नाई होत."

"तुम्ही नोकर आहात इथं, हे लक्षात आहे ना?"

मिस्त्री स्कूटरच्या सीटवरून उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू. "हाव साहेब, नोकर हाय. पण तुमचा नाई. यायचा." त्यांनी कपाटांकडं बोट केलं. "तुम्ही पाच वर्षांनी बदलता. हे नाई बदलत. चाबी पायजे तं घ्या, पण माझ्या हातून एकही पार्ट पोत्यात जाणार नाई. गोदामात एक पावसाळा काढला का यायची माती होते. मंग 'काळाच्या ओघात' लिवाले सर हायतच."

मी यादीत डोकं खुपसलं.

एकच सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी ते कपाटं पुसत होते तेव्हा मी विचारलं, "मिस्त्री, खोली गेलीच तर काय कराल?" ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "गॅरेज बंद केलं तेव्हा वाटलं, संपलं. आता कोणी इंजिनचा आवाज ऐकाले बोलावणार नाई. मंग हे भेटले." दाताच्या काचेवरून त्यांनी फडकं फिरवलं. "दुसऱ्यांदा बंद नाई करत मी."

*

बाई आल्या. अध्यक्ष, मी, मिस्त्री, सगळे हजर. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. बाईंनी दुसऱ्या वाक्याला हात वर केला. "सर, मी बघते." आणि त्या बघत गेल्या. 'माहीत नाही' वाचून दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू यायचं. मला वाटलं, टिंगल करताहेत.

जोडीतल्या न घासलेल्या कुऱ्हाडीपाशी त्या थांबल्या. भिंग काढलं. बराच वेळ वाकून होत्या. "ही वीण कोणाच्या लक्षात आली?"

"आमच्या संग्रहालयाच्या," मी म्हणालो.

"संग्रहालयाला डोळे असतात का?" त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी खोकला काढला. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि मिस्त्रींनी ऑइलच्या फडक्याचं सगळं सांगितलं. बाई व्याख्यान न देता ऐकत राहिल्या.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण हा ठसा नखाएवढा आहे. याचा तुकडा काढून तपासता येणार नाही, तो मोडेल. आणि एवढ्यावर मी इथं संशोधन करायला हवं असं म्हणू शकत नाही." मग त्यांनी नोंदवही पाहिली. "इथं दोन कुऱ्हाडी लिहिल्यात. दुसरी कुठं आहे?"

खोलीत पंख्याचा आवाज होता आणि कोऱ्या पुठ्ठ्याची फडफड.

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. ज्यानं केलं त्यानंच.

आणि मी, बावीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, म्हणालो, "उंदरांनी नेली असावी."

"लोखंडी कुऱ्हाड?"

"आमच्याकडचे उंदीर," मी म्हणालो, "मोठे असतात."

अध्यक्षांचा चेहरा खुलला. "पाहा मॅडम! मी हेच सांगतोय. इथं वस्तू सुरक्षितच नाहीत. उंदीर कुऱ्हाडी नेतात! खोली बंद केलेलीच बरी. लिहा तुम्ही तसं."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मी मिस्त्रींकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. ते कपाटांकडं बघत होते, डावीकडून उजवीकडं, हळूहळू, सकाळी बघतात तसे. मोजत होते.

माझ्या आयुष्यात मी धाडस असं एकच केलं. लोखंडी कपाट उघडलं, हजेरीपट खाली ओढले, धूळ उडाली, आणि वर्तमानपत्राची ती पुरचुंडी बाईंपुढं टेबलावर ठेवली. कुऱ्हाड अजूनही चमकत होती. खोबरेल तेलाचा वास आला.

"उंदीर नाही," मी म्हणालो. "मी. चिंचेनं."

बाईंनी डोळे मिटले. त्यांनी मनात काय म्हटलं असेल ते मी आजवर स्वतःला विचारलेलं नाही. मग क्षीण आवाजात म्हणाल्या, "घासलेलं... ते पाणी?"

मिस्त्री स्कूटरच्या सीटपाशी गेले. खालच्या खोक्याचं झाकण उचललं आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर खडूनं आकडा. बादलीतलं पाणी त्यांनी गाळून, सुकवून, खपली न् खपली वेगळी केली होती.

"कशानं गाळलं? कपड्यानं?" बाईंनी घाबरून विचारलं. "कापूस नाही ना ठेवला यात?"

"कपड्यात कपडा कसा शोधता येईल, बाई?" मिस्त्री म्हणाले. "चहाच्या तारेच्या गाळणीनं गाळलं. कापसाच्या गावात राह्यतो, पण या डब्यात कापसाचा धागा नाई जाऊ देला."

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे आता हे मॅडमना घेऊन जाता येईल?"

"नाही," बाई म्हणाल्या. डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "प्रवासात या खपल्यांचा चुरा होईल. आता मला इथं राहावं लागेल."

*

बाई चार दिवस आमच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून बसल्या. पहिल्याच दिवशी त्या ओरडल्या, "धागा!" सगळे धावलो. धागा जाड, तांबूस, सुरेख. तो नारळाच्या शेंडीचा निघाला. दुसरा चिंचेचा. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि दोन्ही वेगळ्या पुडीत ठेवून वर माझं नाव लिहिलं. तिसऱ्या दिवशी सातव्या पुडीतल्या एका खपलीत उभे-आडवे धागे दिसले. गंजानं धरून ठेवलेले, एकाखालून एक गेलेले, मागावर विणलेले. मिस्त्रींनी भिंगाला डोळा लावला आणि तो काढायला तयार होईनात. "हे फडकं नाई, बाई," ते म्हणाले. "बारीक विणलं हाय. कोणी जीव लावून गुंडाळलं असंन."

बाईंनी अहवालात लिहिलं की हा संग्रह फोडू नये, हलवू नये, पुढचं काम इथंच होईल. अध्यक्षांनी दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी खोलीपुढं लावायला भव्य फलक करून आणला: 'जगातील आद्य कापसाची जन्मभूमी.' मिस्त्रींनी तो दारातच अडवला.

"धागा कशाचा हाय ते बाईनं सांगतलं नाई अजून."

"अहो, यवतमाळ जिल्ह्यात दुसरा कशाचा असणार?"

"अंबाडीचा असू शकते. रानातल्या कशाचाही असू शकते. साहेब, तुम्ही होते का तिथं?"

फलक आजही व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा आहे. कुऱ्हाडीखाली मिस्त्रींच्या अक्षरात पाटी आहे: 'लोखंडी कुऱ्हाड. मुकुटबनजवळ शेतात. कपड्यात गुंडाळलेली होती. कपडा कशाचा: माहीत नाही.' अभ्यासिकाही झाली, त्याच खोलीत. कपाटांच्या मधे लांब टेबल टाकलं. पोरं तिथं बसून देशाच्या राजधान्या पाठ करतात आणि कोणी काचेला टेकलं की मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरनं खोका वाजवायचे.

मी पुठ्ठा लिहिला, हेही सांगून टाकतो. 'कुऱ्हाड. वीण गेली. चिंचेनं घासली, मी, प्रमुख. अध्यक्ष येणार होते.' मिस्त्रींनी तो दोनदा वाचला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवल्याची ती एकच वेळ.

*

दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली आणि ते आर्णीला मुलीकडं राहायला गेले. निघायच्या दिवशी त्यांनी मला चाव्या दिल्या आणि हजेरी घ्यायला लावली. एक वस्तू मी विसरलो. त्यांनी न बघता सांगितलं, "खालच्या फळीवरचा जात्याचा तुकडा." मी जीपच्या अड्ड्यापर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेलो. स्कूटरचं सीट त्यांनी तिथंच ठेवलं होतं. "ते आता खोलीचं हाय."

जीप भरत होती. मला एक गोष्ट बोलायची होती, आणि ती मी गेले कित्येक दिवस मनात घोळवत होतो. बाईंचा शोधनिबंध छापून आला होता. त्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की, कुऱ्हाडीवरून खपल्या सुटल्या म्हणूनच तपासणी शक्य झाली. म्हणजे कोणामुळं? एका अर्थानं शोधाचं निम्मं श्रेय कोणाला?

"मिस्त्री," मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवत म्हणालो, "आता तुम्ही चाललाच आहात. तो भिंतीवरचा माझा पुठ्ठा... आता काढून टाकायला हरकत नाही ना? नाही म्हणजे, मी घासली नसती, तर हा शोध लागला असता का?"

मिस्त्रींनी तारेनं बांधलेला चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि जिथून माझा आवाज आला तिकडं तोंड केलं.

"सर, बंद पडलेली गाडी खड्ड्यात आदळून चालू झाली, तं खड्ड्याले कोणी मिस्त्री म्हणते का?"